धूर गटारीवर, डास ड्रममध्ये

श्रावणात कानबाई आटोपली की जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शहरांत एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी दोन-तीन गल्ल्यांत पोरं तापाने फणफणतात. मग कुणाच्या तरी प्लेटलेट उतरतात, रक्तपेढीकडे धावाधाव होते, व्हॉट्सॲपवर पपईच्या पानांचा रस फिरायला लागतो. मग स्थानिक पानावर बातमी येते: नागरिक त्रस्त, धूरफवारणीची मागणी. लगेच गाडी येते. गटारीच्या कडेकडेने पांढरा धूर सोडत गल्ली पार करते, मागे पोरं पळतात, माजी नगरसेवक फोटो काढून घेतात आणि सगळ्यांना काहीतरी झाल्यासारखं वाटतं.

डेंग्यूपुरतं बोलायचं तर फारसं काही झालेलं नसतं. तुंबलेल्या गटारीत जो डास वाढतो तो डेंग्यू पसरवत नाही, आणि जो पसरवतो त्याला गटारीचं काळं पाणी आवडत नाही. डासांशी लढायचं तर आधी कोणता डास हे ठरवावं लागतं. ते एकदा ठरवलं की खान्देशातला डेंग्यूचा प्रश्न आरोग्य विभागाच्या फवारणी यंत्राजवळ थांबत नाही, तो पाणीपुरवठा विभागाच्या टेबलावर जाऊन बसतो. तिथे तो जाऊ नये असं बऱ्याच जणांना वाटत असावं, अशी मला शंका आहे. धुराची गाडी स्वस्त पडते, रोज पाणी देणं महाग पडतं.

‘बठ्ठा मच्छर सारखाच’, म्हणजे सगळे डास सारखेच, असं आपल्याकडे सहज म्हणतात. खाज सुटण्यापुरतं ते खरंही आहे. रोगापुरतं मात्र ते साफ चुकीचं आहे.

रात्री दिवा मालवल्यावर कानाशी गुणगुणणारा, तपकिरी, बिनपट्ट्यांचा डास म्हणजे बहुधा क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस. सांडपाणी, शोषखड्डे, संडासाच्या टाक्या ही त्याची जागा. तो हत्तीरोग पसरवतो. त्याचा त्रास सर्वांत जास्त, संख्या सर्वांत मोठी, म्हणून तक्रारीही त्याच्याच. डेंग्यूच्या बाबतीत मात्र तो जवळपास निरुपद्रवी आहे.

डेंग्यू पसरवणारा एडीस इजिप्ती वेगळा. अंगाने लहान, काळा, पायांवर पांढरे पट्टे, आणि भिंग लावून पाहिलं तर छातीच्या पाठीकडच्या बाजूला दोन बाकदार पांढऱ्या रेघा, त्यांच्या मधे दोन बारीक सरळ रेघा. सकाळी उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि संध्याकाळी मावळायच्या आधीचे दोन-तीन तास ही त्याची मुख्य वेळ. तो आवाज फारसा करत नाही. मागच्या बाजूने येतो, घोट्याला, पोटरीला चावतो, हात हलला की उडतो आणि शेजारच्या माणसावर बसतो. चावते ती मादीच, अंड्यांसाठी रक्त लागतं म्हणून. पण एका पोटभर रक्तासाठी ती तीन-चार माणसांना टोचू शकते, आणि डेंग्यूचं अर्धं गणित या सवयीत आहे. चावून झालं की ती पलंगाखाली, कपाटामागे, खुंटीवरच्या कपड्यांत, अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहते. सहसा शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तुमच्या घरात डेंग्यू आला असेल तर त्याचा डास बहुतेक तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या भांड्यात जन्मला आहे. पलीकडच्या वस्तीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता एक डास विषाणू पसरवतो आणि दुसरा नाही, असं का? डास म्हणजे उडती सुई, एकाचं रक्त दुसऱ्याला टोचते, असा समज फार पक्का आहे. तसं असतं तर एचआयव्हीसुद्धा डासांनी पसरवला असता. डासाच्या सोंडेत रक्त ओढायची नळी वेगळी आणि लाळ सोडायची नळी वेगळी असते. प्यायलेलं रक्त परत तुमच्या अंगात येत नाही, येते ती लाळ. विषाणूला पोटातून लाळेपर्यंत पोचायचं तर त्याला वाटेतली नाकी ओलांडावी लागतात. आधी डासाच्या आतड्याच्या पेशींत शिरायचं. तिथे शिरायला त्या पेशींवर त्याला धरता येईल असा दुवा हवा. शिरून वाढल्यावर आतड्यातून बाहेर पडून शरीरभर पसरायचं. मग लाळग्रंथींत घुसायचं आणि लाळेत उतरायचं. एचआयव्ही पहिल्याच नाक्यावर पचून जातो. डेंग्यूचा विषाणू क्युलेक्सच्या पोटात गेला तरी असाच अडकतो. एडीसमध्ये तो पार होतो, पण त्यालाही साधारण आठ ते बारा दिवस लागतात. तोपर्यंत ती मादी चावली तरी डेंग्यू देत नाही. एकदा लाळेत विषाणू आला की मात्र मरेपर्यंत ती तो वाटत राहते.

हे आठ-बारा दिवस महत्त्वाचे आहेत, कारण डासाचं आयुष्यच दोन-चार आठवड्यांचं. रोज शंभरातले नव्वद डास जगत असतील तर दहा दिवसांनी पस्तीसेक उरतात. रोज ऐंशीच जगत असतील तर दहा दिवसांनी दहा-अकराच. रोजच्या जगण्यात एवढासा फरक, पण धोकादायक म्हाताऱ्या माद्यांची संख्या तिपटीने कमी. त्यात तापमानाचा हिशेब मिसळतो. २५ अंशांना विषाणूला लाळेपर्यंत पोचायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात, ३० अंशांना आठवडाभरात काम होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा उघड्यावरचा डासच टिकत नाही; पावसाने हवा तिशीला आणली की दोघांनाही सोयीचं होतं. डेंग्यू ऑगस्ट ते नोव्हेंबर का फुगतो, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं आपल्या अंगणात आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी एक उलटी गोष्ट. एडीसचा एक भाऊबंद आहे, एडीस अल्बोपिक्टस, पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ असलेला, ज्याला टायगर डास म्हणतात. प्रयोगशाळेत डेंग्यूचं रक्त पाजलं तर कित्येक प्रयोगांत अल्बोपिक्टसच्या आतड्याला लागण इजिप्तीपेक्षा सहज झालेली दिसली आहे. तरी जगभरातल्या मोठ्या साथी इजिप्तीच्याच नावावर आहेत. कारण अल्बोपिक्टस झाडाझुडपांतला. माणूस मिळाला तर माणूस, नाहीतर गाय, कुत्रा, कोंबडी, काहीही चालतं. इजिप्ती आपल्या घरात राहतो, आपल्याच भांड्यात अंडी घालतो आणि बहुतांशी आपलंच रक्त पितो. परीक्षेत कमी गुण मिळवूनही नोकरी पटकावणारा तो.

मलेरियाच्या बाजूलाही तेच. ग्रामीण भारतातल्या मलेरियाचा मोठा वाटा ज्याच्यावर टाकला जातो तो ॲनॉफेलिस क्युलिसिफेसीस मुळात गुराढोरांच्या रक्ताचा शौकीन आहे. वाहक म्हणून तो फार कर्तबगार नाही. पण पावसाळ्यात त्याची संख्या अशी वाढते की थोडीशी कर्तबगारीही पुरते. म्हणून डासाची वाहकक्षमता हा प्रश्नाचा एक भाग झाला. तो किती दिवस जगतो, कुणाला चावतो, किती संख्येने आहे, हा दुसरा. पहिला भाग निसर्गाकडे आहे. दुसऱ्यावर आपला बराच हात चालतो, आणि आजवर तो बहुतेक डासाच्या बाजूने चालला आहे.

पहिला भागही कायमचा नसतो, हे चिकुनगुनियाने दाखवलं. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एकतृतीयांश लोकसंख्या आजारी पडली. तिथे इजिप्ती नगण्य होता, भरपूर होता तो अल्बोपिक्टस. विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनात एका जागचं एक अमिनो आम्ल बदललं आणि अल्बोपिक्टसमधून तो कितीतरी सहज पार व्हायला लागला. तोच बदल नंतर केरळातही सापडला. भारतात १९७३ च्या बार्शीच्या साथीनंतर जवळजवळ तीन दशकं गप्प बसलेला हा रोग २००५-०६ मध्ये परतला आणि देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. आपल्याकडेही त्या वर्षी सांधे धरून भिंतीच्या आधाराने चालणारी माणसं गावोगाव दिसत होती. त्यामुळे रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, जिथे सावली आहे, ओल आहे, पानांच्या बेचक्यांत पाणी आहे, तिथे कोणता एडीस किती प्रमाणात आहे हे दरवर्षी मोजलं जावं, ही मागणी मला अजिबात हौशी वाटत नाही.

आता अंगण.

खान्देशातल्या कितीतरी शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. कुठे दोन दिवसांआड, कुठे चार, कुठे आठ, उन्हाळ्यात त्याहून जास्त. गिरणा-वाघूर-पांझरेत पाणी आहे की नाही हा वेगळा विषय. धरण भरलेलं असतानाही गळकी पाइपलाइन, अपुरे जलकुंभ आणि वीजबिलाच्या तगाद्यात आवर्तन लांबतं. मग घराच्या भिंतीला टेकून निळे प्लास्टिकचे ड्रम उभे राहतात. जिथे जुनी टिपाडं, सिमेंटचा हौद, रांजण होते तिथे ते अजूनही आहेत.

साधा हिशेब करा. दोनशे लिटरचे पाच ड्रम म्हणजे हजार लिटर. पाणी आठ दिवसांनी येणार. घरात पाच माणसं. माणशी दिवसाला २५ लिटर. शहरांतल्या पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी १३५ लिटरचा आहे. आता या घरातल्या बाईला आपण सांगतो, ताई, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. ती हो म्हणते, आणि आरोग्यसेवक पुढच्या दाराशी गेला की ड्रमवर कापड ओढून घेते. ती निष्काळजी नाही. उद्या नळ येतीलच याची तिला खात्री नसताना अर्धा ड्रम ओतून देणारी गृहिणी मी तरी पाहिलेली नाही, आणि ओतून दिलं तर तिला शहाणी कोण म्हणेल?

गोम अशी की अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास, हा एडीसचा प्रवास आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवसांचा. पाणी रोज किंवा दिवसाआड आलं तर भांडं उपसलं जातं, तळ दिसतो, अळीला पूर्ण वाढायला वेळ मिळत नाही. आठ दिवसांनी आलं तर आपण तिला नेमका लागेल तेवढा अवधी देतो. पाण्याचं वेळापत्रक आणि डासाचं वेळापत्रक असं जुळून बसलेलं असताना धुराच्या गाडीने काय साधणार?

अशा ड्रममध्ये दुपारी टॉर्च मारून पाहावं. वर जुन्या साडीचं कापड, एका बाजूने दोरी सैल. प्रकाश पडला की पृष्ठभागाशी डोकं खाली करून लोंबणाऱ्या अळ्या एकदम वळवळत तळाकडे पळतात. अर्ध्या मिनिटात श्वासासाठी परत वर येतात. तिरक्या लोंबणाऱ्या, शेपटाकडची नळी आखूड असेल तर एडीस, लांब असेल तर क्युलेक्स, आणि पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असतील तर ॲनॉफेलिस. हे ओळखायला पदवी लागत नाही. शाळेतली पोरं एका तासात शिकतात. अंडी मात्र दिसत नाहीत. ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओल्या भिंतीला चिकटवलेली असतात, काळी, बारीक. पाणी संपलं तरी ती कित्येक महिने कोरडी राहून जगतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, भिंत ब्रशने खरवडावी लागते. हे सांगणारा कर्मचारी मला क्वचित भेटला. ‘साचलेलं पाणी फेका’ एवढंच सगळे सांगतात.

आणि कूलर. आपल्या भागात कूलर नसलेलं घर शोधावं लागतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तो निघतो, जूनमध्ये पाऊस पडला की बंद होतो, पण तळातलं बोटभर पाणी तसंच. खिडकीला लावलेला, मागची बाजू बाहेर, ओलं गवत, सावली: एडीससाठी याहून चांगली जागा सरकारने योजना आखूनही निर्माण केली नसती. ते पाणी आटून गेलं तरी टाकीच्या पत्र्याला चिकटलेली अंडी पुढल्या मार्चची वाट बघत बसतात. एका बंद कूलरची टाकी घासायला दहा मिनिटं लागतात. इथे मात्र मी नळाला दोष देणार नाही. हा आळस आपला.

ॲबेटचा उल्लेख करायला हवा. हे अळीनाशक ठरलेल्या मात्रेत पिण्याच्या पाण्यातही चालतं. पण त्याला वास येतो, पाण्यावर तवंग दिसतो, आणि ‘भाऊ, हेच पाणी पोरं पितात’ असं म्हणून औषध टाकल्यावर तासाभरात ड्रमच बदलला जातो. गप्पी मासे हौदात उत्तम. ड्रममध्ये लोक ठेवत नाहीत. ते गटारीत सोडले तर क्युलेक्स कमी होईल, रात्रीची झोप नीट लागेल, हेही चांगलंच आहे. फक्त त्याला डेंग्यूविरोधी मोहीम म्हणू नये.

धूरफवारणी पूर्ण बाद करा, असं मी म्हणत नाही. रुग्ण सापडलेल्या घरात आणि आसपासच्या घरांत, दारं-खिडक्या लावून, पलंगाखाली, कपाटामागे फवारलं तर विषाणू घेऊन फिरणाऱ्या माद्या मरतात. साथीत त्याचा उपयोग आहे. पण त्यासाठी माणसाला घरात शिरावं लागतं, घरच्यांना अर्धा तास बाहेर बसवावं लागतं, रुग्णाची खबर दोन दिवसांत मिळावी लागते. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला यातलं काहीच करावं लागत नाही.

आपल्या डोक्यात फवारणी इतकी घट्ट का बसली आहे, त्याला इतिहास आहे. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. दारावर तारीख लिहून जाणारा मलेरियावाला जुन्या माणसांना अजून आठवतो. ते डीडीटी या कीटकनाशकाचं यश होतं, पण आंधळं नव्हतं. ॲनॉफेलिस चावण्याआधी-नंतर घराच्या भिंतीवर बसतो, हे पाहून भिंतींवर फवारा मारला जात होता. सवय ओळखून केलेला घाव होता तो. पुढे डास डीडीटीला निबर झाले, लक्ष उडालं आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. आपण त्यातला फवारा तेवढा लक्षात ठेवला, सवय ओळखायचं काम विसरलो.

तेच विसरणं तापी ओलांडून सातपुड्यात गेल्यावर जास्त महाग पडतं. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर प्रश्न निळ्या ड्रमचा नाही. तिथे झरे आहेत, ओढे आहेत, गुरं माणसांच्या शेजारी बांधलेली आहेत, आणि ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेली कुटुंबं परतताना रक्तात मलेरियाचे जंतू घेऊन येऊ शकतात. तिथे औषध लावलेल्या मच्छरदाण्या, घरातल्या भिंतींवरची फवारणी आणि परतलेल्या माणसांची रक्ततपासणी उपयोगाची. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणारं ‘भांडी रिकामी करा’चं पत्रक तिथे कुणी वाचलं तरी हसेल. शहरात वाहत्या पाण्याला भिऊन उपयोग नाही, डोंगरात साठवलेल्या पाण्याला.

आणि कधी डास नसतोच. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला विषाणू वाळूमाशी पसरवते. डासाहून लहान, मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलीत राहणारी. २००३ मध्ये त्याने आंध्र आणि महाराष्ट्रात लहान मुलांचे जीव घेतले, २०२४ मध्ये गुजरातेत. नंदुरबारची हद्द गुजरातला लागून आहे आणि मातीची घरं दोन्ही बाजूंना आहेत. तिथे भेगा लिंपणं हा आरोग्याचा कार्यक्रम ठरतो. गटारीवरचा धूर तिथे कुणाच्याच कामाचा नाही.

वुल्बॅकिया नावाचा जीवाणू घातलेले एडीस सोडले की डेंग्यू घटतो, हे इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात दिसलं. तिथल्या चाचणीत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी झाले. पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्राने भारतीय डासांत तो जीवाणू रुजवलाही आहे. यावं ते तंत्र, जरूर यावं. पण ते येईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही, आणि आल्यावरही ड्रम उघडेच राहिले तर २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला पोचलेला झिका इथे यायलाही तोच डास तयार आहे.

करायला हवं ते फार अवघड नाही. प्रत्येक जिल्ह्यात हिवताप कार्यालयाला भरलेल्या पदांवरचे कीटकतज्ज्ञ आणि कीटक समाहारक हवेत, ज्यांनी डास पकडून ओळखले पाहिजेत. जिथे पाणी आठवड्याने येतं तिथे नगरपालिकेने घट्ट झाकणाचे, खाली तोटी असलेले ड्रम सवलतीत द्यावेत. पाणी रोज देता येत नसेल तर निदान ते साठवायची सोय नीट करणं हे तिचंच काम आहे. आवर्तन ठरवणाऱ्या बैठकीत आरोग्य अधिकाऱ्याला खुर्ची असावी आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तरी दोन नळांमधलं अंतर सहा दिवसांवर जाऊ नये, असा आग्रह त्याने लेखी धरावा.

नगरसेवकांनी सभेत धुराच्या गाड्या किती, हे विचारणं सोडावं. आपल्या प्रभागात शंभर घरांमागे किती भांड्यांत एडीसच्या अळ्या सापडल्या, त्यात ड्रम किती होते, कूलर किती, आणि त्या प्रभागात पाणी किती दिवसांनी येतं, हे आकडे एकाच कागदावर मागावेत. मागायचे तर मे महिन्यात मागावेत, म्हणजे पावसाच्या आधी काही करायला महिनाभर तरी हाती राहील.